ऐनाच्या झाडाचा पहारेकरी

झाडं आपल्या पानांना पहारेकरी ठेवत, त्या काळची ही गोष्ट. एका ऐनाने बुंध्यावर म्हातारा सरडा बसवला होता. रेशीमपतंगांच्या आयांनाच अंडी घालायला वर सोडायचं, बाकीच्यांना नाही. ओळख एवढीच सांगितली होती, की त्या पिवळ्या असतात.

पण पिवळ्यांबरोबर विटकरी यायच्या, राखाडीही यायच्या, आणि सगळ्याच म्हणायच्या, "आम्ही इथल्याच." नाही नाही म्हणून सरड्याची मान अवघडून गेली होती.

दिवस कलताना आणखी एक विटकरी आली. "आजोबा, मला उद्याचा दिवस दिसायचा नाही. अंडी तेवढी घालू द्या."

"पिवळी असतीस तर सोडलं असतं, बाई," सरडा कंटाळून म्हणाला.

"सकाळी सोडलीत ती पिवळी माझी सख्खी बहीण."

"सगळ्या असंच सांगतात."

"मग सकाळच्या पहारेकऱ्याला बोलवा. मी समोरच्या झाडावरून पाहिलं, तो हिरवागार होता. तुम्ही कोण?"

सरड्याने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. दिवसभर सालीला चिकटून ते हिरव्याचं करडं झालं होतं.

तो बाजूला सरकला. ती वर निघाली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "बाई, मी परत पाठवलेल्या कुठे गेल्या, पाहिलंस का गं?"