आवडाईची मिठाची मूठ

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर होडीवाल्या तांडेलाची मर्जी राखावी लागे, त्या काळची ही गोष्ट. फार म्हणजे फार वर्षांपूर्वीची. नक्की किती ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते आता उरले नाहीत.

पांढरवाडीत धाकू कुंभार आणि त्याची बायको आवडाई राहत होती. पडवीत चाक, परसात भट्टी आणि मधे चूल, एवढंच त्यांचं घर. चाकावर बसायचं ते धाकूनं, बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी त्यांच्यात रीत. पण माती तुडवणं, भांडी थापटणं, भट्टी रचणं आणि आग राखणं सगळं आवडाईकडे. ती आगीशी बोलायची, भांडायचीसुद्धा. लाकूड ओलं निघालं की लाकूडतोड्यापासून वाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. धाकू बापडा गरीब, तो मान खाली घालून चाक फिरवत राहायचा.

त्यांची एकुलती एक लेक गोजरी. तिला दिली होती खाडीच्या तोंडाशी, खारबेटावर. बेटावर मिठागरं होती, माणसं कष्टाळू होती, जावईही गुणाचा होता. उणं एकच होतं. बेटावर विहीर एकच आणि तिचं पाणी मचूळ. तिथल्या लोकांना जन्मापासून सवय, त्यांना उलट आपल्याकडचं गोडं पाणी बेचव लागायचं. गोजरीनंही हळूहळू जुळवून घेतलं होतं. पण तिला दिवस गेले आणि सगळी पंचाईत झाली.

डोहाळे कुणाला चिंचांचे लागतात, कुणाला भाजक्या मातीचे. गोजरीला डोहाळे लागले माहेरच्या विहिरीच्या पाण्याचे. बेटावरचं पाणी ओठाला लागलं की तिला उलटी यायची. शहाळ्यांवर किती दिवस काढणार? पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणावी, तर उठून बसलं तरी घेरी, मग होडीत घालायची कशी? शेवटी तिच्या सासूनं बाबल तांडेलाबरोबर निरोप धाडला. भेट म्हणून मिठाची भली मोठी टोपलीही दिली.

“आवडाय, चेडू पार सुकान गेला गो,” बाबल म्हणाला. “तुमच्या बांयचा पाणी व्हया म्हणता.”

आवडाईनं हातातला चिखलही धुतला नाही. तशीच विहिरीवर गेली, मडकं भरलं आणि होडीत नेऊन ठेवलं.

पण मातीचं मडकं झिरपतं. झिरपतं म्हणून तर पाणी गार राहतं, आणि बेटावर तेच नडलं. लाटांचे शिंतोडे आणि खारा वारा मडक्याच्या अंगात शिरला, त्याला खपल्या सुटल्या आणि आतलं पाणी मचूळ झालं. दुसऱ्या खेपेला पितळेची कळशी पाठवली, त्यात पाणी कळकलं. मग धाकूनं डोकं चालवलं. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल त्यानं मडक्याला आतून फासलं. त्या पाण्याला असा काही वास सुटला, की गोजरी राहू दे, तिच्या सासरच्या म्हशीनंही तोंड फिरवलं, असं म्हणतात.

इकडे आवडाई पाणी प्यायला बसली की तिला लेकीचे सुकलेले ओठ दिसायचे आणि ती तांब्या तसाच खाली ठेवायची.

धाकूला एक ठाऊक होतं. भांडं जितकं जास्त तापेल तितकं त्याचं अंग मिटत जातं. पण नेहमीची लाल माती फार आच लागली की बसकण मारते. म्हणून त्यानं टेकडीच्या पोटातली पांढरी चिवट माती खणून आणली. तिला कुणी हात लावत नसे, कारण ती भाजायला रानच्या रान लाकूड लागायचं. आवडाईनं ती तुडवून लोण्यासारखी केली. धाकूनं चाकावर गोळा ठेवला आणि रुंद पोटाची, अरुंद तोंडाची बरणी वर उचलली. आवडाईनं भट्टीचं धुराडं वाढवलं आणि आग घातली. पहिली बरणी तडकली. दुसरी वाकडी झाली. तिसरी धाकूनं अगदी देवाचं नाव घेत चाकावर ओढली.

त्या खेपेला भट्टी अशी पेटली की आत बघवेना. लाल आगीची पिवळी झाली, पिवळीची पांढरी झाली. तशी आवडाई मनात म्हणाली, एवढं करूनही सगळं उलटंच पडतंय, म्हणजे पोरीला कुणाची तरी दृष्ट लागलीय. दृष्ट काढायची तर पोर समोर हवी. पोर तर खाडीपल्याड. मग तिच्या मनात आलं, पोर नाही तर नाही, पोरीकडे जाणारी बरणी तर आत आहे. तिनं बेटावरून आलेल्या टोपलीतलं मूठभर मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, भट्टीच्या तोंडावरून ओवाळलं, “गोजरे, तुझी इडापिडा जळान जांव” म्हणाली आणि मूठ आगीत टाकली.

मीठ असं तडतडलं आणि पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की ती हबकलीच. एवढी दृष्ट! तिनं दुसरी मूठ टाकली. मग तिसरी. धाकू धावत आला.

“अगो, मिठानच आमचो घात केल्यान आणि तू तांच आत घालतंस?”

“पोटच्या चेडवाची दृष्ट काढूक मीठ मोजूचा लागता काय?” आवडाई ओरडली आणि तिनं सगळी टोपली रिकामी केली.

धाकू लहान पोरासारखा रडायला लागला. त्याला वाटलं, हीही बरणी गेली. त्या धुरात खारबेटावरच्या बायकांना गोजरीचं नाव ऐकू आलं, असं म्हणतात.

भट्टी निवली, तोंड उघडलं आणि दोघं बघतच राहिली. बरणी मधाच्या रंगानं चमकत होती. अंगावर पपनसाच्या सालीसारखे बारीक ठिपके आणि वर आगीतल्या मिठानं चढलेली काचेसारखी झिलई. असली झिलई त्या मुलखात कुणी पाहिली नव्हती. कोऱ्या मडक्याला जीभ लावली की जीभ चिकटते, हे कुंभाराच्या पोरालाही ठाऊक. आवडाईनं बरणीला जीभ लावली. ती चिकटली नाही. मीठ आत शिरायला आता वाटच उरली नव्हती.

बरणी भरून गेली. गोजरीनं पहिला घोट घेतला, तोंडात धरला आणि डोळे मिटून गिळला. तो पोटात ठरला. मग ती ढसाढसा रडली आणि तिच्याबरोबर सासूही रडली. बाळंत होईपर्यंत त्या बरणीतलं पाणी कमी झालं नाही, असं म्हणतात. आता बाबल तांडेल दर ओहोटीला बरणी भरून खेपा घालतच होता, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, एवढं मात्र खरं.

पुढे गोजरी बाळाला घेऊन माहेरी आली. सासूनं तिच्यासाठी किती रात्री जागून काढल्या, ते तिनं आईला सांगितलं. ते ऐकून आवडाईनं पुढच्या भट्टीला वाडीतल्या सगळ्या बायकांना मूठ-मूठ मीठ घेऊन बोलावलं.

आजही पांढरवाडीत बरण्यांची भट्टी पांढरी पेटली की कुंभार तिचं तोंड बंद करत नाही, थांबतो. बायका येतात. लांब दिलेल्या लेकीचं नाव घेऊन मीठ टाकतात. पण पहिली मूठ लेकीची नसते. पहिली मूठ सासूनं सुनेच्या नावानं टाकायची, असं आवडाईनं बजावून ठेवलंय. सुनेची आई इथं नाही ना, म्हणून.