हरकतीचा दगड

त्या राज्यात कुणीतरी ‘नाही’ म्हटल्याशिवाय कायदा होत नसे. चारी बाजूंना पाणी, वर बारमाही धुकं आणि मधोमध एक दगडी सभागृह. तिथे कोल्हे कायदे मांडत. अध्यक्ष बगळा घंटा वाजवून विचारी, ‘हरकत?’ मग काळ्या टेकडीच्या सदस्याने हरकतीच्या दगडावर उभं राहून विरोधात बोलायचं, सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि मगच पंजे वर करायचे. हा मान पिढ्यानपिढ्या त्या टेकडीचाच. राज्याला या रीतीचा कोण अभिमान! परदेशी पाखरं आली की त्यांना आधी तो दगड दाखवायला नेत.

सभागृहाला ऊब मिळे ती काळ्या टेकडीच्या जिवावर. टेकडीच्या पोटात बिळं करून साळिंदरं राहत आणि कोळसा उकरून वर पाठवत. त्यांनी आपल्यातल्या तानबाला सभेवर निवडून दिलं. निघताना त्याची थोरली बहीण सकवार म्हणाली, “बाकी काही आणू नकोस. आपली टेकडी तेवढी जाऊ देऊ नकोस.” तानबाने तिला शब्द दिला आणि तो धुक्यात चालू लागला.

पहिल्याच भाषणात त्याने सभेची दाणादाण उडवली. जमीन कसणाऱ्याची, कोळसा उकरणाऱ्याचा, ऊब सगळ्यांची, असं तो पाठीवरचे काटे ताठ करून बोलला. बातम्या विकणारे कावळे गावोगाव ओरडत फिरले, की हा राज्याला आग लावणार. एका हिवाळ्यात तर तानबा राज्याचा कारभारी होता होता राहिला. अवघे चार पंजे कमी पडले. त्या दिवशी कोल्ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुन्हा अशी वेळ येऊ द्यायची नाही असं ठरवलं.

मग वर्षं गेली. कुरणांचा कायदा आला, तानबा बोलला, कायदा झाला. ओढ्याचा आला, तानबा बोलला, तोही झाला. तो हरत गेला, पण आवाज मात्र असा काही तयार झाला की ऐकत राहावं. आणि हळूहळू कोल्हे चक्क टाळ्या वाजवू लागले. तेच कावळे आता त्याला ‘आपले काटेरी आजोबा’ म्हणू लागले. कोल्हिणी पिल्लांना नटवून त्याच्या भाषणाला घेऊन येत. खोटं कशाला सांगू, तानबाला ते आवडलं. उशिरा का होईना, आपलं म्हणणं यांच्या डोक्यात शिरतंय, असं त्या भल्या जीवाला वाटलं.

सभेचा कारकून होतं एक म्हातारं कासव. ते सेवेतून मोकळं झालं, तेव्हा निरोप घ्यायला तानबाकडे आलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, “साहेब, तुमचे फार उपकार आहेत. तुमच्याआधी टेकडीची जागा अकरा महिने रिकामी होती. दगडावर उभं राहायला कुणी नाही, तर एक कायदा होईना हो. सगळे बासनात पडून होते. तुम्ही आलात आणि कामं मार्गी लागली.”

कासव निघून गेलं. आपण चाळीस वर्षं काय करत आलो, ते त्याला आता कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्याच हिवाळ्यात काळ्या टेकडीचा कायदा आला. टेकडी वरून खणत जायची, बिळं बुजवायची, साळिंदरांनी किनाऱ्यावर जाऊन राहायचं. तानबाने ठरवलं, या वेळी तोंड उघडायचं नाही. हरकत नाही तर कायदा नाही. कोल्ह्यांना सुगावा लागू नये म्हणून त्याने हे कुणालाच सांगितलं नाही, अगदी सकवारलासुद्धा.

टेकडीवरची सगळी साळिंदरं गॅलरीत येऊन बसली. गॅलरी इतकी उंच, की तिथून खालचं दिसत काहीच नसे, नुसतं ऐकू येई. पहिली घंटा झाली. तानबा गप्प. दुसरी झाली. वरून सकवारचा कापरा आवाज आला, “तानबा, बोल की रे!” त्याने दात आवळून धरले. अजून थोडं, अक्का, एवढंच तो मनात म्हणाला.

तिसरी घंटा झाली. अध्यक्ष बगळा जरासुद्धा गडबडला नाही. त्याने मान हलवली, तशी दोन शिपाई बोक्यांनी एक पिंजरा आणून दगडावर ठेवला. आत एक मैना होती. कैक वर्षं ती सभागृहातच वाढली होती, आणि तानबाचं एकही भाषण तिने चुकवलं नव्हतं.

“टेकडीच्या सदस्याचा आवाज सभेने ऐकला पाहिजे, अशी रीत आहे,” बगळा हळू आवाजात म्हणाला. “तो कुणाच्या गळ्यातून यावा, याबद्दल रीत काही सांगत नाही.”

मैना आधी तानबासारखीच खाकरली. मग सुरू झाली. जमीन कसणाऱ्याची, कोळसा उकरणाऱ्याचा... तेच शब्द, तोच चढ, तीच मध्ये थांबायची लकब. तानबा ताडकन उठला. ‘हा मी नव्हे,’ असं ओरडायला त्याने तोंड उघडलं. समोर नवा कारकून टाक शाईत बुडवून त्याच्या तोंडाकडे बघत होता. जे बाहेर पडेल ते हरकत म्हणूनच लिहिलं जाणार होतं. तानबाने तोंड मिटलं.

मैनेचं भाषण संपलं, आणि वर गॅलरीत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तावदानं थरथरली. सकवार पदराने डोळे पुसत शेजारणींना सांगत होती, “ऐकलंत ना? आपल्या तानबानं शब्द पाळला.”

खाली कोल्ह्यांनी पंजे वर केले होते. टाळ्या थांबेनात, म्हणून अध्यक्ष मोजणीसाठी अदबीने खोळंबून राहिला.