गेनूनं मामा उन्हात ठेवला

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. सांगितलं तेवढंच करायचा, आणि घोटाळा तिथंच व्हायचा.

गावानं उन्हावर चालणारी रिक्षा आणली. टपावर काळी काच, काचेवर ऊन पडलं की गाडी पळायची. ना डिझेल, ना धूर. गाव एवढं हरखलं, की पहिल्याच दिवशी सत्तावीस नारळ फुटले. गाडी कुठं अडली तर ढकलायलासुद्धा माणसं चढाओढीनं धावायची. हाकायला गेनूला ठेवलं, कारण तो उन्हाला कंटाळत नसे.

गेनूला मामाची सुली करायची होती. मामानं निरोप धाडला होता, "गुरुवारी येतो. गाडी धड हाकत असलास, तर पोरगी दिली." तेव्हापासून गेनूला घास गोड लागत नव्हता.

सोमवारी बायकांनी टपावर पापड वाळत घातले. काच झाकली. गाडी ओढ्यात अडली. आई म्हणाली, "येड्या, कशावर काही पडलेलं दिसलं की ओल्या फडक्यानं पुसावं!"

"बरं आई."

मंगळवारी गाडीत कीर्तनकार बुवा बसले. कपाळावर गंध, त्यावर बुक्का. गेनूनं गाडी थांबवली, फडकं भिजवलं आणि बुवांचं कपाळ लख्ख करून दिलं. आईनं कपाळाला हात लावला. "आरं, जे धड आहे त्याच्या वाटेला जाऊ नये! मधेच थांबेल त्यालाच पुसावं, उन्हात ठेवावं, दक्षिणेकडं तोंड करावं. काच बसवणाऱ्यानं सांगितलंय न्हवं?"

"बरं आई."

बुधवारी पाटलांचं घड्याळ दहावर थांबलं. गेनूनं ते आतून-बाहेरून ओल्या फडक्यानं पुसलं आणि दिवसभर दक्षिणेकडं तोंड करून उन्हात ठेवलं. घड्याळ कायमचं गेलं. आई म्हणाली, "आरं, लोकांच्या वस्तूला हात लावू नये! आपल्या माणसाचं बघावं!"

"बरं आई."

गुरुवार उजाडला. आईनं मामासाठी हार दिला. गेनू गाडी घेऊन फाट्याकडे निघाला, तर अर्ध्या वाटेतच मामा पुलाच्या कठड्यावर बसलेला. घामानं निथळत होता.

"गेन्या, थांबलो बाबा. आता एक पाऊल टाकवत नाही."

गेनूनं विचार केला. मामा मधेच थांबलाय. शिवाय आपलाच आहे.

त्यानं ओल्या फडक्यानं मामाचं तोंड पुसलं. मामाला गार वाटलं. पोरगा गुणाचा आहे, असंही वाटलं.

"मामा, वर आडवं व्हा. वर झ्याक आहे."

मामा कठड्यावरून टपावर चढला, उपरणं तोंडावर ओढून आडवा झाला आणि गाढ झोपला. गेनूनं आठवणीनं हार घातला. मामा पडू नये म्हणून त्याला सुतळीनं बांधलं. गाव दक्षिणेलाच होतं, तेव्हा पाय आपोआप दक्षिणेला झाले.

काच झाकलेली. वेशीत गाडी अडली. नेहमीप्रमाणे चौघं ढकलायला धावले. त्यांनी वर बघितलं आणि टोप्या काढल्या.

"कोण रे?"

"मामा."

"कधी?"

"आत्ताच. पुलावर."

चौघं हळूहळू ढकलू लागले. मागं माणसं गोळा झाली. अर्धा गाव खाली मान घालून गाडीमागं निघाला. गेनूला मामाचा केवढा अभिमान वाटला!

आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट खाली पडलं. "माझ्या भाऊरायाऽऽ!"

"रडू नको आई. दोन तास उन्हात राहिले की उठतील."

आईनं आणखी मोठा हंबरडा फोडला. त्यासरशी टपावरून आवाज आला, "कोण मेलं गं, आक्का?"

चौघं चार दिशांना पळाले. बाकीचा गाव कुंपणावरून उड्या टाकून गेला.

मामानं सुतळी बघितली. हार बघितला. पाय कुठल्या दिशेला आहेत तेही बघितलं. मग सुतळी तोडून खाली उतरला, आणि पाणीसुद्धा न पिता, मागं न बघता, फाट्याची वाट धरली. गेनू टाळ्या पिटत नाचायला लागला.

"आई, बघ, बघ! पूल ओलांडला तरी मामा थांबला नाही! आता सुली आपलीच!"