केरबाचं उसनं दुःख

पंचगंगेच्या काठी एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? लहानपणी आईनं त्याला सांगितलं होतं, तोंडात घास असताना बोलू नये. पुढं त्याचं लग्न झालं. पंगतीत नवरीनं, म्हणजे आनसानं, त्याला लाडू भरवला आणि करवल्या ओरडल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" केरबा चावत राहिला. एक लाडू संपत आला तसा करवल्यांनी दुसरा भरवायला लावला. पंगत उठली, मांडव उतरला, पण केरबानं बायकोचं नाव काही घेतलं नाही. आनसा ते अजून विसरलेली नाही.

हा केरबा हौसाक्काच्या गुऱ्हाळावर कामाला होता. चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं सारायची, जाळ विझू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. वर काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस रटरटायचा आणि काहिलीपाशी उभा असायचा आकाराम नाना. नाना गुळव्या होता. रसाचा गूळ नेमका कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे त्यानं सांगायचं. लवकर उतरवली तर गूळ चिकट, उशीर झाला तर जळका. नानाचा अंदाज सहसा चुकायचा नाही. प्रत्येक आधणाच्या, म्हणजे काहिलीभर रसाच्या, गुळाचा पहिला गरम खडा तो उसाच्या पाल्यावर ठेवून केरबाला द्यायचा आणि विचारायचा, "कसा झालाय रं?" केरबा म्हणायचा, "गोड." नाना समाधानानं मान हलवायचा. जगात आपलं मत विचारणारा एकच माणूस आहे, हे केरबाला चांगलं ठाऊक होतं.

पण त्या हंगामात नानाचं काहीतरी बिनसलं. काहील उतरवायची वेळ आली की त्याचे हात थरथरायचे. घाईघाईनं तो आधीच ओरडायचा, "उतरवा!" गूळ चिकट व्हायचा, ढेप बसायची नाही. नानाचं जेवण सुटलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाई." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाई म्हटलं न्हवं?" मग तिसऱ्यांदा कोण विचारतंय?

हौसाक्कानं ही गोष्ट आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या कानावर घातली. सिस्टर म्हणाली, "आक्का, माणसं विचारून बोलत नाहीत. कुणीतरी आधी आपलं सांगावं लागतं. मग दुसऱ्याला धीर येतो."

हौसाक्काला ते पटलं. दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन झाल्यावर तिनं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि आपलंच सांगायला सुरुवात केली. तिचे मालक वारले त्या साली तिला गुऱ्हाळात पाय टाकवत नव्हता. गुळाच्या वासानं मळमळायचं. माणसांना सांगायची गुडघे दुखतात, आणि दार लावून आत भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. "गुडघं धड हुतं माजं," ती म्हणाली. "दुखत हुतं ते येगळंच. कुणाला सांगितलं असतं तर लवकर उठले असते."

चरकात ऊस घालणारा पांडबा जमिनीकडं बघत म्हणाला, "आजचा ऊस जरा वाळलेला हाय."

हौसाक्कानं कपाळाला हात लावला. "अरं बाबांनो, मनात साठवू नका. मनात काय आलं की बोलून मोकळं व्हायचं. कळलं का?"

बाकीचे उठून गेले. केरबानं मात्र मान डोलावली. त्याला पक्कं कळलं होतं.

दुपारी बाजारातला व्यापारी गूळ बघायला आला. त्यानं ढेप ठोकून पाहिली, खडा तोंडात टाकला. केरबा शेजारीच उभा होता आणि त्याच्या मनात एक विचार आला.

"शेठ," तो म्हणाला, "ह्यो गूळ चार दिसांत पाघळणार."

व्यापाऱ्यानं खडा थुंकला. तेवढ्यात केरबाच्या मनात आणखी एक आलं. "आनि तुमची टोपी तुमाला ल्हान हुतीया."

व्यापारी गेला तो गेलाच. हौसाक्का तणतणत आली. "आरं, कुणाच्याबी तोंडावर असं भसकन टाकत्यात व्हय? बोलायचं म्हंजी आधी माणसाला खाली बसवावं, पाणी द्यावं, बरं हाय का इचारावं. मग सावकाश बोलावं!"

"कळलं," केरबा म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

दोन दिवसांनी हौसाक्का उसाच्या गाडीपाशी उभी होती. केरबा तिच्याजवळ आला.

"आक्का, बसा."

"का रं?"

"आधी बसा तर."

हौसाक्का बसली. केरबा तांब्याभर पाणी घेऊन आला. ती प्यायली. मनात म्हणाली, चला, एक माणूस तरी मोकळा व्हायला लागला.

"बरं हाय न्हवं?" केरबानं विचारलं.

"माजं बरं हाय. तुजं काय?"

"माजंबी बरं हाय." केरबा थोडा थांबला, कारण सावकाश बोलायचं होतं. "ऊन जरा चढलंया."

"चढलंया. बोल की लेका, लाजू नगंस."

"आक्का, मागं चिपाडाची गंजी पेटलीया."

निम्मी गंजी जळाली. उरलेली माणसांनी कशीबशी वाचवली. हौसाक्काच्या पदराला भोक पडलं, भुवया करपल्या आणि आवाज बसला. तशा बसलेल्या आवाजातही ती जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडली. "आरं, असल्या वक्ताला पाणी पाजत बसत्यात? माणूस संकटात दिसलं की बोंब मारायची! गाव गोळा करायचं! आनि हाताला लागंल ते पाणी ओतायचं!"

केरबानं मान डोलावली. ओरडायचं आणि ओतायचं. सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उसाच्या मोळ्यांमागं गेला तर तिथं आकाराम नाना एकटाच बसलेला. अंगाला दरदरून घाम, श्वास लागलेला, दोन्ही हात थरथरताहेत. माणूस संकटात होता, यात शंकाच नव्हती. केरबानं पाणी शोधलं. हाताशी एकच बादली होती. रसाची मळी वर काढायला भेंडीची झाडं ठेचून त्याचं बुळबुळीत पाणी करतात, ते त्या बादलीत होतं. केरबानं ती अख्खी बादली नानाच्या डोक्यावर ओतली आणि बोंब ठोकली, "धावा! नानाला वाचवा! धावा!"

चरक थांबला. गडी धावले. बांधावरची माणसं धावली. धुणं टाकून बायका धावल्या. सगळं गाव बघतंय आणि मधोमध नाना, नाकावरून भेंडीचं पाणी तारा धरून ओघळतंय.

"काय झालं, नाना?" हौसाक्कानं विचारलं.

नानानं चौफेर पाहिलं. "काय न्हाई. पाय घसरला."

त्याच्या अंगावरचं बुळबुळीत पाणी बघून सगळ्यांना ते खरं वाटलं. माणसं हसत हसत पांगली. मागं राहिले नाना आणि केरबा.

"लेका, बोंब का मारलीस?" नानानं विचारलं.

"तुमी संकटात हुता."

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की. हात थरथरत्यात. जेवत न्हाईसा. मला खडा द्यायचाबी इसरलाय, चार दिस झालं."

नाना त्याच्याकडं बघतच राहिला. दिसत सगळ्यांनाच होतं, पण त्याला असं समोर बसून सांगणारा हा पहिलाच. भेंडीचं पाणी पुसता पुसता त्यानं सगळं सांगून टाकलं. गेल्या साली त्याच्या हातून एक आधण जळालं, उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, तेही साठीला टेकल्यावर. तेव्हापासून काहील उतरवायची वेळ आली की छातीत धडधडतं, कानात घुं होतं, वाटतं आता मी मरणार. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बायको होती तोवर तिच्यापाशी तरी बोलायचा. ती वारल्यापासून घरात भिंतीच आहेत. "उद्या मी पुण्याला लेकाकडं निघून जाणार," नाना म्हणाला. "परत काय येत न्हाई. गुळव्याचे हात कापायला लागलं की त्याचं काय काम?"

केरबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाना गेला तर "कसा झालाय रं" असं कोण विचारणार?

"मी आक्कांना सांगतो," तो उठत म्हणाला.

नानानं त्याचा हात धरून खाली बसवलं. "खबरदार! दुसऱ्याचं चारचौघांत कधी सांगायचं नसतंय. सांगायचंच असंल तर माणसानं आपलं सोताचं सांगावं. कळलं?"

केरबानं मान डोलावली. आता त्याला इतकं पक्कं कळलं होतं की विचारू नका.

दुपारी लिंबाखाली सगळे बसले. आनसा तीन वर्षांच्या लेकाला कडेवर घेऊन नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती, तीही टेकली. हौसाक्कानं फारशी आशा न धरता विचारलं, "कुणाला काय सांगायचंय का?"

केरबा विचारात पडला. सांगायचं तर स्वतःचं. पण त्याला झोप छान लागत होती, भूक दणकून लागत होती. पोटात गोष्ट एकच होती आणि ती आज सांगितली नाही तर उद्या नाना जाणार. मग उपाय एकच. तो उभा राहिला.

"माज्या हातनं गेल्या साली एक आधण जळालं," केरबा म्हणाला.

पांडबा म्हणाला, "तुज्या हातनं? तू तर चिपाडं..."

"गप," हौसाक्का म्हणाली. "बोलू दे त्याला."

"तवापासनं काहील उतरवायची येळ आली की माज्या छातीत धडधडतंया. वाटतंय मी मरणार. साठीला टेकलो मी..." केरबानं आत्ताच तिशी ओलांडली होती. "...आनि बायको वारल्यापासनं घरात नुसत्या भिंती हायेत."

"आवं!" आनसा किंचाळली.

"बोलायला कोन न्हाई मला," केरबा रडत रडत पुढं म्हणाला. "उद्या मी पुण्याला लेकाकडं जाणार. परत काय येत न्हाई."

आनसानं कडेवरच्या लेकाकडं पाहिलं. लेक अंगठा चोखत होता.

हौसाक्कानं एकदा नानाकडं पाहिलं. नाना मान खाली घालून मातीत रेघा मारत होता. मग ती उठली आणि केरबाच्या शेजारी जाऊन बसली. जरा मोठ्यानंच म्हणाली, "आरं, एका आधणावर माजं गुऱ्हाळ उभं हाय व्हय? जळालं तर जळालं. हात कापत्यात तर धरायला आमी हाय की. कुटं जाऊ नगंस बाबा. तू गेलास तर आमाला कोन हाय?"

पांडबाचे डोळे भरून आले. "केरबा, चरकात माजं बोट गेलं न्हवं का, तवापासनं ऊस घालताना मी डोळं मिटून घेतोय. कुणाला सांगितलं न्हाई. आज तुला सांगतोय."

दुसरा एक गडी म्हणाला, "मलाबी वडील गेल्यापासनं रात्री झोप न्हाई, केरबा." तिसऱ्यानं केरबाच्या पाठीवर हात ठेवला. चौथ्यानं आपल्या वाटचा कांदा त्याला दिला. आनसासुद्धा रडत होती. आपण वारलो आहोत हे तिला मान्य नव्हतं, पण नवऱ्याचं दुःख तिला बघवत नव्हतं.

नाना हे सगळं बघत होता. ज्या गोष्टीपायी तो वर्षभर कुढला, ती चारचौघांत उघडी झाली होती आणि एकही माणूस हसलं नव्हतं. उलट माया नुसती धो धो चालली होती. पण ती सगळी भलत्याच्याच अंगावर.

"आरं, ते माजं हाय!" नाना उठून ओरडला.

"नाना, तुमी मधी बोलू नका," पांडबा म्हणाला. "पहिल्यांदाच मोकळा व्हतोय बिचारा."

"कसला मोकळा व्हतोय! साठी माजी! आधण मी जाळलं! बायको माजी वारली! धडधडतंय ते माज्या छातीत!"

"न्हाई," केरबा ठामपणे म्हणाला. "माजं हाय."

"तुजं कसं रं, मुडद्या?"

"दुसऱ्याचं सांगायचं नसतंय. तुमीच म्हणालासा."

मग नानाच्या तोंडून हसू फुटलं. हसता हसता त्याला हुंदका आला आणि तो मटकन खाली बसला. केरबा धावत जाऊन तांब्या घेऊन आला. या खेपेला त्यानं पाणी ओतलं नाही. हातात दिलं आणि विचारलं, "बरं हाय न्हवं?"

"न्हाई," नाना म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच तो असं म्हणाला. "बरं न्हाई मला."

"मग सावकाश सांगा," केरबा म्हणाला.

नाना पुण्याला गेला नाही. सिस्टरनं सांगितलेल्या डॉक्टरकडं हौसाक्का त्याला घेऊन गेली. औषध सुरू झालं, झोप येऊ लागली. हात अजून मधूनमधून कापतात, पण आता नाना काहिलीपाशी उभा राहून मोठ्यानं सांगतो, "आज धडधडतंय रं." पांडबा चरकावरून ओरडतो, "असू द्या, आमी हाय!" काहील वेळेवर उतरते. पहिला खडा पाल्यावरून केरबाकडं जातो. केरबा म्हणतो, "गोड."

सगळं सुरळीत झालं. राहिली एकटी आनसा. तो सगळा घोळ काय होता हे अख्ख्या गावाला ठाऊक झालं होतं, पण तिला ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या रागात तिनं महिनाभर त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही. शेवटी एक दिवस ती भाकरीचं फडकं सोडता सोडता म्हणाली, "आवं, आता तरी सांगा. तुमची वारलेली बायको ती कोन?"

केरबानं इकडंतिकडं पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "ते मला सांगता येत न्हाई. दुसऱ्याची हाय ती."