इनासबाबांचे दोन दात आणि कागड्यातली परी

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी फेमीला कबूल केलं होतं. पण तुम्ही लहान आहात, पोटात ठेवाल, म्हणून सांगते.

वसईच्या एका वाडीत फेमीचं इवलंसं घर होतं. आई देवाघरी गेलेली, त्यामुळे घरात तिघंच: फेमी, तिचे इनासबाबा आणि त्यांचं सोनेरी ट्रम्पेट. बाबा ते वरातीत वाजवत, आणि नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पहिलं गाणंही त्यांचंच असे. पण एका वरातीत बाबा माडाखाली गाल फुगवून वाजवत होते, तेव्हा वरून सुटलेला नारळ नेमका ट्रम्पेटवर आदळला. पुढचे दोन दात गेले. आता फुंकलं की नुसती हवा फुसफुसायची.

वरातीची कमाई थांबली, तीन महिने घरात पेजच शिजत होती, आणि बाबा चर्चची पायरी चढले नव्हते.

"एवढ्या माणसांत देवाला मीच सापडलो," ते म्हणत.

फेमी एकटीच प्रार्थनेला बसे. ह्या नाताळला बाबांनी आपल्यासोबत चर्चला यावं, एवढंच तिला हवं होतं.

नाताळच्या आदल्या सकाळी ती ठिगळाच्या फ्रॉकमध्ये कागड्याच्या फुलझाडावरच्या शुभ्र कळ्या खुडत होती. दवबिंदूंनी चमचमणाऱ्या एका कोळ्याच्या जाळ्यात तिला करंगळीएवढी परी अडकलेली दिसली. फेमीनं गवताच्या काडीनं तिला अलगद सोडवलं. परीचा निळा-गुलाबी पंख मात्र फाटलाच होता.

"तुला तीन इच्छा," परी म्हणाली. "पण ज्याला काही मिळेल, त्यानं संध्याकाळच्या घंटेपर्यंत कुरकुर करायची नाही. केली की दिलेलं परत."

फेमीनं धावत जाऊन बाबांना सगळं सांगितलं, नियमसुद्धा.

"मी कधी कुरकुर करतो?" बाबा कुरकुरले.

फेमीनं दारातूनच परीला हाक मारून दात मागितले. लखकन दोन दात उगवले, मोत्यांसारखे. बाबांनी आरशात पाहिलं.

"जरा मोठेच दिलेत."

फट. दात गायब.

दुसऱ्या इच्छेनं नाजूक दात आले. बाबांनी ट्रम्पेट उचलून असा गोड सूर काढला, की शेजारची रेमेतमावशी लाटणं हातात घेऊनच आली.

"देवानं ऐकलं बघ, इनास."

"ऐकायला तीन महिने लागले त्याला?"

फट.

फेमी रडवेली होऊन कागड्यापाशी, परीकडे परतली. बाबाही हळूच मागे आले आणि केळीआड उभे राहिले.

"बाबांची कुरकुर थांबव ना," फेमी म्हणाली.

"मनाची कडी आतूनच उघडते, सोनुले. तिथं माझा हात पोचत नाही. उरलेली इच्छा सांग."

फेमीनं परीच्या फाटक्या पंखाकडे पाहिलं. नाताळला ही घरी कशी पोचणार?

"तुझा पंख बरा होऊ दे."

"आणि बाबांचे दात?"

"बोळके असले तरी माझेच बाबा आहेत. त्यांच्यासाठी मी येशूला सांगीन. त्याच्याकडे तीनदाच मागायचं असं काही नसतं."

 हे ऐकून बाबा केळीआडच, चिखलात गुडघे टेकून बसले.

"देवा," ते फुसफुसत म्हणाले, "मी रुसलो होतो. दातांचं तू बघ. ते आले नाहीत तरी मी उद्या येतो." आणि फेमीला म्हणाले, "बाय, माझा पांढरा सदरा कुठाय?"

त्याच क्षणी परीचा पंख झळझळला. वाडीतली कळी न् कळी उमलली. सोनेरी, रुपेरी उजेडात परी विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाबांना ढोल मिळाला, कारण ढोलाला दात लागत नाहीत. पहिलाच ठोका एवढा जोरात पडला, की फादरांच्या हातातलं पुस्तक उडालं. सगळे हसले. बाबाही तोंडातली खिंड दाखवत, तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले आणि सगळ्यांत मोठ्यानं गायले. फेमी त्यांच्या सदऱ्याला बिलगली आणि डोळे मिटून म्हणाली, "येशू, आता आणखी काही नको, फक्त बाबा असेच हसत..."

थांबा, आई हाक मारते आहे, शेळी पुन्हा वाळवणात शिरली, मला जाऊन तिला हाकलायला...