आपणहून उघडलेलं पान

"जाळू का हे, अक्का?"

मठाच्या ओसरीवर विश्राम टाकसाळे उभे होते, गावच्या शाळेचे हेडमास्तर. एका हातात मुलीच्या उशाखालून काढलेली कादंबरी, दुसऱ्या हातात काडेपेटी.

गोदाक्का वाती वळत बसल्या होत्या. लहानपणी मास्तर त्यांच्याकडेच पोथी वाचायला शिकले होते.

"काय आहे त्यात?"

"प्रेम. रुसवे, रडारड, पळून जाणं. सतरा वर्षांची पोर आतून कडी लावून हेच वाचते. जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. मला भीती वाटते, अक्का. एक दिवस दार सताड उघडं असेल आणि मनवा..."

अक्कांनी वळलेली वात ताटलीत ठेवली.

"तू वाचलीस?"

"असली पुस्तकं न वाचताच कळतात."

शाळेच्या वार्षिक अंकात मास्तरांनी यावर लांबलचक लेखही लिहिला होता. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर खाली उतरायचं कशाला?

अक्कांनी समोरच्या लाकडी ठवणीवरची पोथी बाजूला ठेवली. मास्तरांच्या हातून कादंबरी घेऊन तिथे कण्यावर उभी धरली, पोथीला करतात तसा तिला नमस्कार केला. मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही.

मग अक्कांनी हात काढून घेतला. कादंबरी मधोमध उघडली.

"पुष्कळदा वाचलेलं पान आपणहून उघडतं. मला बारीक अक्षर दिसत नाही. तू वाच."

मास्तरांनी काडेपेटी खाली ठेवली, मन घट्ट केलं. पळून जायचा बेत याच पानावर असणार. प्रार्थनेच्या मैदानावर लावतात तो आवाज लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

पान भलतंच निघालं. एक मुलगी वडिलांच्या खोलीच्या दारात उभी आहे. तिला काहीतरी सांगायचंय. वडील मान वर न करता विचारतात, "काय गं?" ती म्हणते, "काही नाही." आणि परत जाऊन आतून कडी लावते.

पानाचा कोपरा बोटांनी मळला होता. मधली एक ओळ पाणी पडून फुगली होती.

मास्तरांनी तेच पान पुन्हा एकदा मनात वाचलं.

परवा संध्याकाळी ते पेपर तपासत होते, तेव्हा मनवा अशीच दारात आली होती. तिचं "काही नाही" त्यांनी ऐकलं होतं. चला, लवकर आटपलं, असंही मनात आलं होतं.

आता त्यांना खरी भीती वाटली. पान उलटायचा धीर होईना.

"अक्का... पुढे काय होतं या मुलीचं?"

अक्कांनी काडेपेटी आपल्याकडे ओढून घेतली. देवापाशी दिवा लावायचा होता.

"मी कुठं वाचलंय? जिनं वाचलंय, तिला विचार."