थांबतो म्हणतात

एका गावात एक म्हातारा होता आणि सगळी चूक त्याची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींत म्हाताऱ्यांना शेवटी माफ करायची पद्धत आहे.

त्या गावात घंटांचा कारखाना होता. देवळांच्या, शाळांच्या, बैलांच्या गळ्यातल्या, सगळ्या घंटा तिथेच ओतल्या जात. फार पूर्वी मालकाचा बाप आणि कामगार एकदा समोरासमोर बोलायला बसले, तर बोलणं चपलांवर गेलं. तेव्हा वडीलधाऱ्यांनी नियम घातला, की भांडणाची गोष्ट असेल तर मालक आणि कामगारांनी एकमेकांशी बोलायचंच नाही. निरोप मधल्या माणसानं न्यायचा. माणसांना नीट बोलायला शिकवण्यापेक्षा त्यांची तोंडं बांधणं सोपं, एवढीच त्या नियमामागची अक्कल.

हा मधला माणूस म्हणजे आबा. चाळीस वर्षं तेच निरोप नेत होते. आबा लबाड नव्हते, लाचही खात नव्हते. त्यांना खोड होती ती निरोप छाटायची. पंचवीस जणांचं बोलणं आपण दोन शब्दांत बसवतो, याचा त्यांना केवढा तोरा. आणि एकदा दिलेला निरोप पुन्हा सांगायचा नाही, कारण दुसऱ्यांदा सांगतो तो हमाल, असं त्यांचं म्हणणं.

एकदा शेजारच्या राजाची मोठी घंटा करायला आली. भट्टी पेटली, धातू वितळू लागला. त्याच दिवशी भट्टीच्या तोंडाशी एकटाच उभा असलेला ओतारी चक्कर येऊन पडला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. कामगार साच्यांच्या पडवीत जमले. तोंडाशी एकाऐवजी दोघं हवेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. काही जण म्हणाले, आत्ताच काम बंद करू, मालक वठणीवर येईल. पण साचे बनवणारी एक तरुण बाई कामगारांच्या वतीनं बोलत असे. तिनं त्यांना समजावलं, की वितळलेला धातू भट्टीतच गोठला तर भट्टी फोडावी लागेल आणि मालकाआधी आपलीच चूल विझेल.

मग ती आबांना म्हणाली, "आबा, मालकांना सांगा, तोंडाशी दोघं हवेतच. पण मोठी घंटा ओतून होईपर्यंत आम्ही थांबतो."

आबा निघाले. वाटेत त्यांनी निरोप सोलला, साल काढली, बी काढली. मालकाच्या ओसरीवर पोचेपर्यंत हातात उरलं ते एवढंच.

"दोघं हवेत. थांबतो म्हणतात."

मालक ताडकन उठला. "भट्टी पेटलेली असताना थांबतात?"

आबांना त्याचा चेहरा दिसला. आपण सांगितलं एक आणि यानं ऐकलं दुसरंच, हेही त्यांच्या ध्यानात आलं. इथे त्यांना तोंड उघडता आलं असतं. पण मग निरोप दुसऱ्यांदा सांगावा लागला असता. आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "त्यांचं म्हणणं तेवढंच."

मालकही काही कमी नव्हता. पडवी शंभर पावलांवर होती, उठून विचारायला त्याचे पाय झिजले नसते. त्यानं निरोप दिला, थांबायचंच असेल तर दाराबाहेर थांबा. आणि सगळ्यांना बाहेर काढून फाटक लावून घेतलं.

आपण नमतं घेतलं तरी यानं दार लावलं म्हणून बाहेरचे खवळले. आत भाता चालवायला कुणी नव्हतं. भट्टीचा लाल उजेड मंदावत चालला. आबांनी उन्हातान्हात सात खेपा घातल्या आणि दर खेपेला निरोप आखूड आणि तिखट होत गेला. सातव्या खेपेला ते घेऊन आले, "मरा म्हणतात."

साचेवाली त्यांच्या वाटेत उभी राहिली. "आबा, पहिल्या खेपेला तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

फाटकाशी जमलेले गावातले म्हातारे तिच्यावर वसकन ओरडले, मोठ्यांची झडती घेतेस का म्हणून.

ती म्हणाली, "मोठे आहेत म्हणून तोंडानं विचारतेय. लहान असते तर कान धरला असता."

आबा म्हणाले, एकदा दिलेला निरोप आपण पुन्हा सांगत नसतो. तेव्हा तिनं वडीलधाऱ्यांचा नियम दिला भिरकावून आणि फाटकाला तोंड लावून हाक मारली. मालक आत भट्टीपाशी एकटाच येरझाऱ्या घालत होता. तो फाटकाशी आला.

"मालक, तुम्ही काय ऐकलंत?"

"काम थांबवता म्हणालात."

"मागणीसाठी थांबतो म्हणालो. मोठी घंटा होईपर्यंत."

 मग कडी वाजली.

सगळे धावले. भात्याला चार-चार जण लागले, मालकानं स्वतः कोळसा ओढला. तळाचा धातू गोठला होता, त्यामुळे घंटा वीतभर लहान झाली. राजानं नाक मुरडलं, पण घेतली.

मग एका सकाळी दोन्ही बाजू सतरंजीवर समोरासमोर बसल्या. साचेवालीनं अट घातली, की उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपण बोलून दाखवायचं आणि तो 'बरोबर' म्हणाला तरच पुढे जायचं. मालक म्हणाला, तोंडाशी दोघांना जागा नाही. त्याला तिथे उभं केलं. शंभर आकडे मोजेपर्यंत टिकायचं होतं, तो साठावर बाहेर पडला आणि भुवया चोळत म्हणाला, जागा करू. मग त्यानं आपली अडचण सांगितली, की ओतकाम नसेल तेव्हा दुसरा माणूस रिकामा बसेल. कामगारांनी ती त्याच्यापुढे बोलून दाखवली आणि कबूल केलं, की अशा दिवशी तो साचे फोडायला येईल. दुपारच्या आत भांडण मिटलं. चपलांना कुणी हात लावला नाही.

पुढच्या तंट्याला आबा घसा साफ करत आले. कुणी वाईट बोललं नाही. बसा म्हणाले, पाणी दिलं आणि आपापसात बोलू लागले.

आता तात्पर्य: भांडण ज्यांचं, त्यांनीच समोर बसून बोलावं, आणि आपली चूक कळूनही जो मान डोलावतो, त्याच्या पांढऱ्या केसांना भिऊ नये.

आबांचं चाळीस वर्षांचं काम गेलं, आणि ते त्यांना परत मिळालं नाही.